तांबड्याखालचा दगड

विहीर खणली की एक गंमत होते. खड्डा असतो एवढासा, आणि काठावर निघालेल्या मालाचा ढीग बघावा तर दुप्पट. तो माल परत त्याच खड्ड्यात टाकायला घेतला तर मावत नाही. ज्याला खोटं वाटेल त्यानं खणून बघावं. किश्श्यांचंही असंच. आमच्या टोळीनं विहिरी फोडल्या त्या मोठी लढाई संपत आली तेव्हापासून पुढं काही सालं. विहिरी केव्हाच बुजल्या, कुणी त्यावर घरं बांधली. पण काठावर पडलेले किस्से अजून मला पुरून उरले आहेत.

मी राहतो विश्रामबागेत, नातवाकडं. नातू गाडीवरनं कुपवाडला कारखान्यात जातो आणि मी कट्ट्यावर म्हाताऱ्यांत जाऊन बसतो. परवा समोरच्या बंगल्यात बोअर मारायची होती म्हणून पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणात गरागरा फिरायला लागला. नारळ उभा राहिला की तिथं पाणी.

मी म्हटलं, "बाबा, नारळाकडं काय बघतोस? खाली दगड काय म्हणतोय ते बघ."

तो म्हणाला, "आजोबा, दगडाला काय कळतंय?"

माझं डोकंच फिरलं. शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही मास्तरांच्या छडीला कंटाळून सोडली. पण दगडाला काय कळतं हे मला ज्यांनी शिकवलं ती माणसं त्या पाणाड्याच्या सात पिढ्यांना पुरली असती. त्यातलं आज कुणी नाही. त्यांच्या जिवावर मी पोट भरलं, पोरं वाढवली. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की मला त्यांची नावं आठवतात. म्हणून हे लिहितोय. गोड गोड लिहिता येत नाही, ज्याला पाहिजे त्यानं वाचावं.

*

टोळीचे मुकादम तात्या. कडेगावच्या बाजूचे. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की वरून बोलले तर विहिरीच्या तळात ऐकू जावं. त्यांनी मला कामावर घेतलं तो किस्सा आधी सांगतो.

मी काठावर जाऊन उभा राहिलो. तात्यांनी ढिगातला एक दगड उचलून माझ्या हातात दिला.

"ह्यो काय हाय?"

"दगड."

"आन तू?"

"माणूस."

तात्या म्हणाले, "झ्याक. त्याला ठावं न्हाई त्यो कोण हाय, तुला ठावं न्हाई तू कोण हाईस. जोडी जमंल. जा, त्याला घ्यून बस."

बसलो. सगळा दिवस तो दगड मांडीवर घेऊन बसलो. काम करणारी माणसं हसत होती. संध्याकाळी तात्या आले.

"काय बघितलंस?"

"हलका हाय. भोकं हायती. काही भोकात पांढरं भरलंय, शिजलेल्या भातासारखं."

"ठोकून बघितलास?"

"बद्द वाजतोय."

"उद्यापासनं ये."

पुढं कळलं, टोळीत तीन दगड ओळखता आले पाहिजेत असा नियम. एक पाषाण. काळा, कण डोळ्याला न दिसणारा, घण मारला की घंटेसारखा वाजतो. दुसरा भोकऱ्या, भोकांत पाणी धरून ठेवणारा. तिसरा भाताचा, म्हणजे भोकऱ्याच, पण भोकं पांढऱ्या खड्यांनी भरलेली. ही नावं आमच्या टोळीची, पुस्तकात शोधू नका. तात्या म्हणायचे, "पाषाणाला सुरुंग लावायचा, भोकऱ्याला आशा."

*

आता बायाक्का. हिच्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही.

बायाक्का मेंढरं राखणाऱ्यांतली. वस्ती जतच्या अलीकडं, कोरड्या माळावर. तेव्हा जतला संस्थान होतं. दिवाळी झाली की त्यांची मेंढरं पश्चिमेला निघायची, नदीकाठानं साताऱ्याकडं आणि तिथनं घाट उतरून कोकणात. पाऊस पडला की परत. मागं वस्तीवर कुणीच राहायचं नाही, कारण वस्तीवर पाणी नाही. म्हातारं असो, बाळंतीण असो, ज्यानं त्यानं चालायचं.

तिच्या नवऱ्यानं एकदा विहीर काढायला घेतली होती. काढायला कोण, तर आमच्या तात्यांचे वडील. अर्ध्यात तांबडा थर लागला, तसं त्यांनी काम थांबवलं, नारळ फोडला आणि विहीर दगडांनी झाकून टाकली. तांबडं म्हणजे जमिनीचं रक्त, त्याच्या खाली जायचं नाही, असा त्या वेळच्या टोळ्यांचा दंडकच होता. पुढं नवरा वारला. विहीर झाकलेलीच राहिली.

तेव्हापासून बायाक्का दरसाल वाटेत आमची टोळी कुठं आहे ते हुडकून काढायची. यायची, तात्यांसमोर बसायची आणि एकच विचारायची.

"तात्या, माजी हीर कवा उघडतूस?"

"आक्का, बानं झाकलेली हाय. लेकानं कशी उघडायची?"

"तुज्या बानं झाकली, म्हून मी चालत्या. माजं गुडघं तुज्या बाला दिसलं न्हवतं."

एवढं बोलून उठायची. पहिल्या साली बघितली तेव्हा ताठ चालत होती. दुसऱ्या साली हातात काठी आली.

*

लढाई संपली आणि शंकर परत आला. हा आमच्या टोळीतलाच, मधे मिलिटरीत गेला, रस्ते आणि पूल करणाऱ्या तुकडीत. इटली बघून आला. आला तो वेगळाच होऊन. सकाळी उठून दाढी करायचा, आणि जेवताना भाकरीसुद्धा ताटात सरळ लाइनीत ठेवायचा.

तो सांगायला लागला की तिकडं नेपल्सजवळ आगीचा डोंगर आहे. त्यानं तो पेटलेला डोळ्यांनी बघितला. डोंगरातनं रटरटता काळा पाक बाहेर आला आणि उतारानं सावकाश, बैलगाडीच्याही कमी चालीनं गावात शिरला. निवला तेव्हा वरून भोकं भोकं, कुठं कुठं पिळलेल्या दोरखंडासारखा, आणि आतून घट्ट काळा.

"तात्या, आपला दगड त्योच हाय. डिट्टो."

तात्या म्हणाले, "म्हंजे ह्यो आपला सगळा मुलूख वितळवून वतलाय?"

"व्हय."

"कुणी?"

शंकर म्हणाला, "ते न्हाई इच्यारलं. तशी ऑर्डर न्हवती."

कुणी विश्वास ठेवीना. मग शंकर आम्हाला कडेगावला तात्यांच्या मेव्हण्याच्या गुऱ्हाळावर घेऊन गेला. काहिलीतला पाक गुळाला आला होता. शंकरनं गुळव्याला हातापाया पडून एका फरशीवर एक थर ओतायला लावला. तो निवल्यावर त्यावर दुसरा, मग तिसरा. घट्ट झाल्यावर विळ्यानं मधोमध कापला.

"बघा. परतेक थराच्या माथ्याला फेस, म्हून भोकं. मधी घट्ट, त्यो पाषाण. मंग वरचा थर, पुन्ना माथ्याला भोकं."

तात्यांनी तुकडा हातात घेतला. उजेडाला धरला. नखानं ठोकला. मग मोडून तोंडात टाकला, आणि दुसरा मोडला. बघता बघता सगळा तुकडा संपला.

शंकर म्हणाला, "तात्या, इटलीवरनं आणलेला पुरावा खाल्लासा की तुमी."

"पुरावा बरा हाय," तात्या म्हणाले. "वाईच करपलाय. शेंगा हायत का?"

बायाक्का त्या दिवशी गुऱ्हाळाच्या दाराशी बसली होती, तिची मेंढरं शेजारच्या रानात बसवली होती. तिलाही गुळाचा खडा दिला होता. ती खडा हातातच धरून म्हणाली, "मंग माज्या हिरीत त्या तांबड्याच्या खाली बी योक थर आसंल की रं. आन त्याच्या माथ्याला भोकं आसत्याली."

तात्यांचं चावणं थांबलं. शेंगा मागवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

*

सांगलीच्या कॉलेजातले एक मास्तर आपली पोरं घेऊन प्रॅक्टिकलला आमच्या विहिरीवर यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही नदीच्या अलीकडं काम करत होतो. मास्तरांनी ढिगातला दगड उचलला, त्याची धूळ फुंकली, आणि सगळ्यांदेखत जिभेनं चाटला.

तात्यांनी हळूच आमच्या आचाऱ्याला, सोपानाला, हाक मारली. "आरं, मास्तर लय लांबनं आल्यात. उपाशी दिसत्यात. भाकरी आण."

सोपाना खरोखर भाकरी आणि ठेचा घेऊन आला. मास्तर आधी बघत राहिले, मग इतके हसले की डोळ्याला पाणी आलं. म्हणाले, "दगड ओला केला की त्याचा कण उठून दिसतो, मुकादम. म्हणून चाटला." आणि मग मांडी घालून भाकरीही खाल्ली. मोठा माणूस.

पिशवीतनं त्यांनी एक दगड काढला, कर्नाटकातल्या खालच्या मुलखातला. गुलाबी, पांढरे, चकचकीत कण, ज्वारीच्या दाण्याएवढाले. आम्ही असला दगड कधी बघितला नव्हता. मास्तरांनी विचारलं, "खडीसाखर कशी करतात?"

सोपाना म्हणाला, "पाकात दोरा सोडायचा आन निवांत ठेवायचा. हलवायचा न्हाई."

"आणि पाक घोटला, लवकर गार केला तर?"

"मंग भुगा हुतोय."

"हेच ते," मास्तर म्हणाले. "हा दगड जमिनीच्या पोटात, अंगावर पांघरूण घेऊन सावकाश निवला. म्हणून कण मोठे. तुमचा पाषाण उघड्यावर चटकन निवला. म्हणून कण दिसत नाही."

तात्यांनी दोन्ही दगड दोन हातांत तोलले. म्हणाले, "म्हंजे ह्यो सासुरवाडीला बसलेला जावई, आन आमचा ह्यो रोजगारी गडी."

मास्तरांनी पोरांना सांगितलं, हे लिहून घ्या.

त्या दिवसापासून तात्या दिसेल तो दगड चाटायला लागले. तोंडात कायम तंबाखू. चाटून झालं की म्हणायचे, "ह्या दगडाला तंबाखूचा वास येतोय गड्या. त्या मागच्यालाबी येत हुता."

*

साताऱ्याच्या डोंगराखाली एका पेन्शनर सुभेदारांची विहीर काढत होतो. सुरुंग उडाला आणि पाषाणात एक पोकळी उघडी पडली. आतून पांढरे आणि हिरवट खडे, सुयांसारखे टोकदार, उन्हात लखलखणारे. सोपाना जेवायची हाक मारायला तळाशी उतरला होता, त्यानं ते पहिल्यांदा बघितलं. संध्याकाळपर्यंत त्याचं मुंडासं डोक्यावर जड झालं होतं.

हिरे मिळाले असं त्यानं मनाशी धरलं आणि थेट निरोप धाडला एका मुलीच्या बापाला. त्या बापानं मागं एकदा, आचाऱ्याला पोरगी देत नाही, म्हणून सोपानाला परत पाठवलं होतं.

चार दिवसांनी मास्तर आले. तात्यांनी सोपानाचं मुंडासं उतरवायला लावलं. मास्तरांनी एका खड्यावर चाकूचं टोक ओढलं. ओरखडा उठला.

"हिऱ्याला चाकू लागत नाही," मास्तर म्हणाले. "दगड निवताना आत बुडबुडे राहिले. मग कित्येक वर्षं गरम पाणी त्यातनं झिरपत राहिलं, त्यानं जाता जाता हे ठेवलं. ही पाण्याची खूण आहे."

तात्या खूष. "म्हंजे हितनं पानी गेलेलं हाय."

सोपाना रडकुंडीला. "आन माजं लगीन?"

बायाक्का त्याच दिवशी आली होती. घाट उतरायच्या आधी मेंढरं तिथं थांबली होती. या वेळी ती तट्टावर बसून आली, आणि उतरवायला दोन माणसं लागली. तिनं तो खडा हातात घेतला, उलटा करून बघितला आणि परत दिला. "पानी न्हाई तितं ह्यो चाटायचा व्हय?" मग सोपानाला म्हणाली, "जा, त्या पोरीला खरं सांगून टाक."

सोपाना गेला आणि खरं सांगून आला. मुलगी दाराआडनं म्हणाली म्हणे, "मला कुटं हिरं शिजवायचं हायती? ह्याला सैपाक येतोय न्हवं?"

लग्न झालं. पुढं कितीतरी सालं त्यांच्या देव्हाऱ्यात तो हिरवट खडा मी बघत होतो.

*

त्याच मोसमात, पाऊस पडून मेंढरं परतली तेव्हा बायाक्काच्या पोरांनी आम्हाला एक बकरं दिलं. एका विहिरीचा तळ दिवसेंदिवस कोरडा निघत होता, तात्या कावले होते. म्हटलं मटण तरी खाऊ.

सोपानानं काठावर चूल मांडली. दगड कुठले घेतले? तर तळातनं नुकताच वर आलेला भोकऱ्या. का, तर उचलायला हलका. वर पातेलं चढवलं, रस्सा उकळायला लागला. आम्ही गोल करून बसलो.

आणि सुरुंगासारखा आवाज झाला. पातेलं उडालं. रस्सा तात्यांच्या धोतरावर, मटण ढिगावर. शंकर तर एका झेपेत पालथा पडला होता, दोन्ही हात कानांवर.

"कुटनं आला गोळा?" तो जमिनीवरूनच ओरडला.

"चुलीतनं," सोपाना म्हणाला.

सगळे मटणासाठी हळहळत होते. तात्या मात्र ओल्या धोतरानं उठले, फुटलेल्या दगडाची कपरी उचलून निरखून बघितली, आणि त्यांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "आरं, ह्याच्या पोटात पानी हुतं. त्याची वाफ झाली, म्हून फुटला. तळ कोरडा न्हाई गड्यांनो. सकाळी हाणा आजून."

सकाळी हाणलं. दुपारी पाणी लागलं.

पातेलं उडाल्यावर बायाक्का तट्टावर बसूनच सोपानाला झाडत होती. "हिरीच्या पोटातला दगड चुलीला लावत्यात व्हय रं? वरनं किती बी वाळू दे, आत प्यालेला असतोय त्यो. जल्मभर मुक्कामाला चुली मांडल्या मी. येवढं बी ठावं न्हाई तुला?"

सोपाना म्हणाला, "आता ठावं झालं आक्का."

*

पुढच्या साली दिवाळीनंतर मेंढरं आली, बायाक्का आली नाही. तात्या दोन दिवस वाटेकडं बघत होते. शेवटी त्यांनी पोरांना विचारलं.

थोरला म्हणाला, "आईला तट्टावर बी बसवंना. वस्तीवर चुलत्याजवळ ठेवलीया, डोक्यावरनं पानी आणून देतोय त्यो. पर त्यो किती दिस आणंल? आवसंनंतर भावजी गाडी घ्यून येणार हायती. आता लेकीकडंच ऱ्हाईल."

त्या लेकीला मूलबाळ झालेलं नव्हतं. आणि लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी आईबापानं घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बायाक्का असल्या गोष्टीत हाडाची कडक. जावई सोन्यासारखा होता, पण ती त्याच्या दारात बसून पाण्यावाचून राहिली असती. हे तिच्या पोरांना कळत होतं, आम्हालाही.

तात्यांनी हातातली पहार खाली ठेवली. "हितलं काम ऱ्हाऊ दे. बैल जुपा."

सगळी टोळी पूर्वेला निघाली. तात्या एकटेच मधे सांगलीला उतरले, मास्तरांना विचारून येतो म्हणाले.

*

झाकलेली विहीर उघडली. तळाशी तांबडं. कुंकवासारखं. तात्या काठावर बसून राहिले.

मग त्यांनी आम्हाला पहिल्यांदा सांगितलं की त्यांचा सख्खा चुलता तांबड्यात गेला होता. थर ओला झाला, बाजूनं घसरला आणि माणूस आत गाडला गेला. तेव्हापासून त्यांच्या वडिलांनी धरलं होतं, तांबडं दिसलं की वर यायचं. उगीच नव्हतं ते. मी त्या म्हाताऱ्याला कधी हसलो नाही आणि कुणाला हसू दिलं नाही.

"मास्तर काय म्हणालं?" शंकरनं विचारलं.

"म्हणालं, ही माती पानी पिऊन फुगती आन सरती. खाली जायच्या आदी सगळ्या बाजूनं दगडाचं कडं बांधा. मंग जावा."

"खाली पानी हाय म्हणालं?"

"न्हाई. म्हणालं, भोकाचा माथा आसंल येवढं सांगतो. पानी आसंल म्हून सांगत न्हाई."

शंकर म्हणाला, "तात्या, इटलीत मी बघितलंय. पाक द्राक्षाच्या मळ्यावरनं गेलता. रस्त्यासाठी त्यो फोडला तवा खालची माती अशीच तांबडी. शेत भाजलं हुतं, रगात न्हवतं ते."

"तुझी इटली तुझ्याजवळ," तात्या म्हणाले. "माझा चुलता हितं गेलाय."

बायाक्काला उचलून काठाशी आणून बसवलं होतं. तिनं हात पुढं केला. मी तळातनं काढलेली दोन ढेकळं दिली, एक थराच्या माथ्याचं आणि एक खालच्या अंगाचं. तिनं माथ्याचं दाबून बघितलं, विटेसारखं कडक. खालचं बोटांनी चुरलं, मऊ. दोन्हींचा वास घेतला.

"तात्या, मुक्काम हलिवताना चूल मोडली की खाली काय दिसतंय?"

तात्यांनी तिच्या तांबड्या झालेल्या बोटांकडं बघितलं.

"माती तांबडी हुती. जाळाला लागून कडक, आन हात घालून उकरली की मऊ. ही चुलीखालची माती हाय रं. जाळ वरनं लागलाय हिला. शंकऱ्या खरं बोलतोय. ह्यो वरचा काळा फत्तर हिच्यावर उकळत बसला हुता." हात तात्यांपुढं करून ती म्हणाली, "तुज्या बाला चुली मांडायला लागल्या न्हाईत. त्याला कसं कळावं?"

तात्यांनी ते चुरलेलं ढेकूळ घेतलं. बराच वेळ बोटांत घोळवत होते. मग म्हणाले, "कडं बांधा. पर माझं बी ऐका. तांबड्याखालचा पैला दगड बघायचा. कोरडा निघाला तर हीर झाकून मी माघारी. कुणाचा जीव घालवणार न्हाई मी हितं."

*

तांबड्याला सगळीकडनं दगडाचं कडं घातलं. मग पहारीनं तांबडं काढत खाली गेलो. तळाला मीच होतो. पहार ठक्क वाजली. दगड. भोकऱ्याच होता, मास्तर बोलले तसा. एक मोठा तुकडा उचकटून पाटीत घातला आणि वर पाठवला. सकाळची वेळ होती. पाटीबरोबर मीही वर आलो.

जावयाची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. बायाक्काचं गाठोडं दारात बांधून ठेवलेलं.

तात्यांनी दगड उन्हात ठेवला आणि दुपारपर्यंत त्याच्याभोवती फिरत राहिले. ठोकला. चाटला. मला म्हणाले चाट, मी चाटला. वर ना ओल, ना थेंब. विहिरीचा तळ बघितला, तिथंही काही नाही. शेवटी तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोरडा हाय. झाकायची दगडं गोळा करा."

कुणी हललं नाही.

बायाक्का चुलीजवळ बसली होती. घरातलं होतं नव्हतं तेवढं पाणी मडक्यात ओतत होती. म्हणाली, "झाका म्हणं मागनं. पैलं जेवून घ्या. चुलीला योक दगड कमी हाय. त्यो दे रं हिकडं, तसा बी काय कामाचा न्हाई."

मी तो दगड नेऊन दिला. तिनं तो आपल्या हातानं दोन दगडांच्या जोडीला सरकवला, वर मडकं ठेवलं, आणि खाली जाळ असा घातला की शेणी कमी पडाव्यात. मग काठी टेकत मागं सरकून बसली.

सोपाना भाकरीचं पीठ मळत होता. त्यानं चुलीकडं बघितलं, दगडाकडं बघितलं. पिठाची परात उचलली आणि जाऊन गोठ्याच्या भिंतीआड बसला. शंकर आधीच जमिनीवर पालथा होता.

तात्या मात्र चुलीसमोर उकिडवे बसले. मी त्यांना दंडाला धरून ओढलं, ते हलले नाहीत. दगडाकडं बघत होते. जाळ चढत होता. मडक्यातलं पाणी गुणगुणायला लागलं. बायाक्काच्या ओठांत काहीतरी चाललं होतं, देवाचं असावं. तात्या कपाळाचा घाम पुसायचंही विसरले होते.

मग तो आवाज झाला.

मडक्याचे तुकडे माळावर गेले. वस्तीवरची कुत्री ओरडत पळाली. चूल विझली. राख खाली बसली तेव्हा तात्या तसेच उकिडवे होते, मिशा पांढऱ्या, आणि डोळ्यांतनं पाण्याच्या दोन रेघा राख धुवत खाली आलेल्या. बायाक्का राखेनं भरलेली, पदर झटकत होती.

"आक्का, कुटं भाजलं का गं?" तात्यांनी विचारलं.

"माजं ऱ्हाऊ दे," बायाक्का म्हणाली. "जावायाला निरोप धाड, गाडी जुपू नगं म्हणावं. आन बाजारला जाशील तवा योक मडकं घ्यून ये. मोठं बघून आण."